प्लेटायची खांदशेकनी

—नाही, नाही माय, ढगाचं नाव नको घेऊ. वरती पाह ना! सकाळपासून असं ऊन तपून राहिलं का कावळासुद्धा पळसाच्या सावलीतून हालत नाही. पोळ्यापासून एक थेंब नाही. म्हनून तं अड्याळच्या सोलरच्या हापिसात फोन लावला मी. मले वाटलं, कोनी मिश्यावाला मेकॅनिक येईन — आली पोरगी! बरं झालं, पोरी कमी ओरडतेत. प्रतिक्षा ना नाव? बस त्या धुऱ्यावर, बांधावर. मी पुंडलिक. हे वावर माहं, धान माहं, मोटर माही, अन् — हासू नको — हे ऊनबी माहंच!

हो, हो, कामाचं सांगतो. पानी रोज कमी कमी होत गेलं, काल तं मोटर खोकल्यावानी करून बंदच पडली. अन् धान गर्भात हाय, माय. आता पानी नाही भेटलं तं लोंब्या पोचट, सालाचं खानं गेलं. माहं गेलं अन् ह्या खालच्या बाबुलालचंबी गेलं — माह्या बांधीतून उतरलेलं पानी त्याच्या बांधीत जाते ना! तो पाह, सकाळपासून फावडं घेऊन बसला, मले शिव्या देऊन राहिला. देऊ दे. लहानपनचा सोबती हाय.

प्लेटायवर पिवळं? कुठी पिवळं? ते... माकडं असतीन. माकडं गंज, ढिगानं हायेत इकडं. — माकडं हळद कुठून आनतीन म्हन्ते? हं. तेबी खरं.

आधी ही पेटी पाहून घे, बॅटरी. मी तिले ढोली म्हनतो. धान कसं ढोलीत भरतो, पावसाळाभर काढून खातो? तसं हे ऊन भरलं, दिवस बुडाला का काढलं! आधी लाइन रातची यायची — मोटर सुरू कराले जाचं तं रानडुकराचं भेव. आता भर दुपारी, पान खात खात! अन् दहा सालानं पाहजो तू. ज्याच्या त्याच्या छपराच्या कवेलूवर ज्याचं त्याचं उन्हाचं पीक, अन् तलावाच्या पाळीवर साऱ्या गावाची एक मोठी ढोली. माही घरवाली रुखमा शेजारी वाटी घेऊन जाईन — साखरीले नाही हो! म्हनन, "बाई, जरासं ऊन दे उसनं, पाहुने आले, पंखा लावाचा हाय!" वाटीत ऊन! मले तं रातची झोप येत नाही ह्या खुशीनं—

बरं बाबा, हळद. हळद मीच लावली. तूपबी.

आता आयक. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले आपन तूप-हळद लावतो, पळसाच्या पानानं — तेच खांदशेकनी. सालभर जू वाहिलं ना बापड्यायनं! "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हनतो. औंदा बैलच नाही. माहे गुडघे गेले, उन्हाळ्यात जोडी देऊन टाकली. पन रुखमानं सवयीनं तूप पातळ केलंच. मी वाटी घेऊन बैलायच्या कोठ्यात गेलो — कोठा रिकामा. उभाच राहिलो. आवतन कोनाले देऊ? मंग इकडं आलो, तं ह्या प्लेटा एका ओळीनं, मान वाकवून उभ्या — जशी तोरनाखाली बैलं! औंदा पानी कोनं वाहिलं? ह्यायनंच ना? मंग लावली पुरी वाटी. पोळ्याले सुट्टी देली, झूल पांघरली. बाबुलाल म्हने, "अबे, शिंगं कुठी हायेत त्यायले?" म्हनलं, तुह्या डोक्यावरची दे!

तुपावर धूळ बसली म्हन्ते? अन् धुळीनं ऊन अडलं? हो, दिसते तं खरं... पन पुसू कसं, माय? आवतनाचं तूप कोनी पुसते का?

मंग आता तू वरती काय सांगशीन — शेतकऱ्याची चूक? मोटर काढून नेतीन? ... काहून हासून राहिली? साबनाचं पानी? बस? एवढंच? ए रुखमा, बादली आन! राखेनं घासू? नको, चरे पडतीन — मऊ फडकं, बरं. दे, मीच पुसतो. सरक थोडा मोऱ्या... न्— नाही, प्लेटच म्हनलं मी. बरं, ठेवलं नाव! ही मोऱ्या, तो पाखऱ्या. बैलायचीच नावं. बाकीच्यायले अजून नाही ठेवलं, सुचून नाही राहिलं...

आयक! आयक! सुरू झाली! पाह कशी धार पडली, मांडीएवढी! अगं रुखमा, धावत ये! आता तुले सांगतो माय, पुढच्या साली तलावाच्या पाळीवर आपन काय कराचं, पयले तं सारं गाव बसवाचं, मंग—

थांब. बाबुलाल बोंबलून राहिला खालून. काय म्हन्ते तो?

"पुंडलिक्या, सोड त्या पोरीले अन् फावडं घेऊन ये, धुरा फोडून राहिलं पानी!"