डोहाचं पाणी

कलकत्त्याहून शिकून येताना मला वाटलं होतं, टेंभुर्णीजवळच्या त्या गावात ओढ्यातले जीव मी भिंगाखाली दाखवीन आणि सारा गाव भोवती जमेल. गाव ओढ्यातल्या डोहाकाठी जमला, पण माझ्या बाटलीतले मासे पाहून.

"हे हलत कसे न्हाईत?" कौतिकबाईंनी विचारलं. मी त्यांच्याच घरी उतरले होते.

"मेलेत. टिकावेत म्हणून औषधात ठेवलेत."

"ते औषध पेलं तर?"

खोटं बोलायचं नाही, असं ठरवूनच मी आले होते. म्हटलं, "माणूसही मरेल. जहर आहे."

बायका घागरी घेऊन डोहापासून मागं सरल्या. गावाला दुसरं पाणी नव्हतं. दोन गडी माझ्या वाटेत येऊन उभे राहिले.

"डोहात औषधाचा थेंबही पडला नाही," मी म्हणाले.

"मंग प्या ना ताई, आमच्यासमोर," पाटील शांतपणे म्हणाले.

नारूचा लांब जंत ज्यांच्यातून माणसाच्या अंगात शिरतो, ते बारीक किडे मी नुकतेच त्याच पाण्यात भिंगातून पाहिले होते. मी पाणी गाळायला ओंजळीवर पदर धरला.

"गाळून कशाला?" कौतिकबाईंनी पदर बाजूला केला. "आम्ही असंच पितो."

मी प्याले.

सकाळी मी जिवंत आहे का, हे पाहायला सगळे अंगणात आले. कौतिकबाई हसल्या, "बिलकुल ठणठणीत हाय." पण नारू वर्षभरानं पायातून बाहेर येतो. ते वर्ष याच गावात काढायचं आणि पाणी गाळायला प्रत्येक घागरीवर फडकं बांधायचं, हे मी तिथंच ठरवलं.