चौथ्या दिवसाचं पाणी

(निमगाव केतकी. दुपारची वेळ. सोप्यात चंद्राबाई खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसली आहे, पुढ्यात पाटावर तिची सून रश्मी. रश्मीला उठून जावंसं वाटतंय, पण केस सासूच्या मुठीत आहेत.)

चंद्राबाई : हलू नको म्हणलं ना. तेल डोळ्यात जाईल.

रश्मी : राहू द्या आत्या. मी लावते माझं माझं.

चंद्राबाई : सहा वर्सं तुजं तूच लावलंस की. आता माजा हात लागू दे. असल्या दिवसांत बाईनं हात वर करून येणी घालू नये. साखरबाईबी तेच म्हणत हुती.

रश्मी : साखरकाकींना सांगितलंत तुम्ही?

चंद्राबाई : सांगाय कशाला लागतंय? भिंतीपलीकडनं तिला आपलं अंगण दिसतंय. तीच म्हणली, अडीच म्हैनं झालं, सुनंचं केस वाळताना दिसलं न्हाईत, गोड बातमी हाय का? बाजूला बसायचं आपल्यात कवाच सुटलं, पर चौथ्या दिवशी डोक्यावरनं पाणी घ्यायचं कुठं सुटलंय? बाई न्हाली न्हाय म्हंजी बाईला दिवस गेलं. लहान पोरीलाबी कळतंय त्ये.

रश्मी : आणखी कुणाला माहीत आहे?

चंद्राबाई : आळीला झालं म्हाईत. अन् पळसदेवला निरोप धाडला. साखरबाईचा ल्योक तात्याबा जातो न्हवं तिकडं मासळीला, त्याच्याजवळ सांगितलं. म्हणलं, पोरीला दुसरं स्थळ बघा. आमच्या रणजितला आता दुसरी बायकू करायची गरज न्हाय राहिली.

रश्मी : ते काय म्हणाले?

चंद्राबाई : पोरीचा बाप म्हणला, संक्रांतीपतोर थांबतो, मग आमचा मार्ग आमाला मोकळा. थांब म्हणावं, किती थांबायचं त्ये थांब. आता त्यो इषय मिटला. तू मान खाली घाल.

रश्मी : आत्या, हात दुखतील तुमचे.

चंद्राबाई : दुखू देत. किती दाट हायेत गं केस. लगीन झालं तवा पयल्या सूनमुखाला ह्येच बघितलं म्या. अन् नवल बघ. अडीच म्हैनं पाणी न्हाय, तरी ना चिकट, ना कोंडा, ना वास. माज्या डोक्याला आठ दिवसांत घाण मारती. पोटात बाळ असलं की बाईला तेज येतं म्हणत्यात, त्ये ह्येच. उद्या सकाळच्या एस्टीनं बारामतीला जाऊ. दवाखान्यात नाव घालून येऊ.

रश्मी : उद्या नको.

चंद्राबाई : मग कवा? तिसरा सरत आला.

रश्मी : आत्या, ते तेज नाही.

चंद्राबाई : काय म्हणलीस?

रश्मी : केसांचं म्हणते. तेज नाही ते, सवय आहे. मी केसांना सवय लावली, कमी धुवायची. दीड वर्ष लागलं.

चंद्राबाई : केसाला कुठं सवय लावत्यात व्हय? त्यो काय खोंड हाय औताला धरायला?

रश्मी : लागते. माझ्याबरोबर कॉलेजात पायल होती ना, लग्नात मला नटवायला आलेली, तिनं बारामतीत पार्लर टाकलंय. मागच्या दिवाळीच्या आदल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, तू सारखी शाम्पूची पुडी फोडतेस म्हणून डोकं आणखी तेल सोडतं. एकेक दिवस पुढं ढकलत जा. आठाचे दहा कर, दहाचे पंधरा. आधी फार छळतील, मग गप बसतील. तिला वाटलं, केस गळतात म्हणून विचारते. मीही तसंच वाटू दिलं.

चंद्राबाई : अन् गप बसलं?

रश्मी : लगेच नाही. पहिले दोन-तीन महिने रात्री झोप लागायची नाही, इतकी खाज. भाकरी करताना उलथन्याच्या दांड्यानं डोकं खाजवायची. फणीच्या दातांत कापूस अडकवून विंचरायची, तो काळा झाला की चुलीत टाकायची. दुपारी तुम्ही रानात गेलात की बेसन चोळून झटकायची.

चंद्राबाई : तरीच. पिठल्याला बेसन का पुरंना, म्या म्हणत हुते. दुकानदाराला शिव्या घातल्या म्या.

रश्मी : पदर डोक्यावरून खाली येऊ द्यायची नाही, वास जाईल म्हणून. तुम्ही पावण्यांत सांगायचात, शहरातली असून सुनंचा पदर पडत नाही.

चंद्राबाई : व्हय. सांगितलं हुतं.

रश्मी : आणि हे माझ्याकडं पाठ करून झोपायचे. एक अख्खा उन्हाळा ओसरीवर अंथरूण टाकलं. म्हणाले, तुझ्या केसांना गोठ्याचा वास येतो.

चंद्राबाई : अन् म्या हिकडं देवाला नातू मागत हुते. कशापायी केलंस ह्ये समदं? पाण्याचा तोटा हुता का घरात? न्हाणीला हौद भरल्याला असतोय.

रश्मी : पाणी होतं हो. आपलीच मोरी, अंघोळीची चोरी, तसं झालं होतं माझं. तुम्हाला आठवतं का बघा. दर महिन्याला मी न्हाऊन उन्हात केस मोकळे सोडले की साखरकाकी भिंतीवरून विचारायच्या, न्हालीस का गं? आणि मी बोलायच्या आत तुम्ही घरातून म्हणायचात, न्हाली बाई, ह्याबी म्हैन्याला न्हालीच. मग पलीकडच्या दारातली बाई, पिठाच्या गिरणीतली बाई, सगळ्यांना संध्याकाळपर्यंत कळायचं. नुसता घाम आला म्हणून धुतले तरी तेच. सहा वर्षांत मी नुसते केस धुतले असं एकदा झालं नाही. दर वेळी माझा निकाल लागायचा.

चंद्राबाई : माजं तोंड फाटकं हाय. पर मनात तसं न्हवतं.

रश्मी : मनात काय होतं ते मला कसं कळावं? मला ऐकू यायचं तेवढं यायचं. मला एवढंच हवं होतं, की कुणाला माझे दिवस कळू नयेत. ओले केस दिसले नाहीत तर कुणी विचारणार नाही. पंधरा दिवसांवरनं महिन्यावर नेलं, महिन्यावरनं दोनावर. माहेरी गेले की तिथं धुऊन यायची. ह्या खेपेला माहेरी जाणंच झालं नाही.

चंद्राबाई : थांब जरा. म्हंजी पाणी घेतलं न्हाईस, पर...

रश्मी : पाळी चुकली नाही. एकदाही नाही.

चंद्राबाई : देवापाशी गेलीस त्या दिवसांत?

रश्मी : नाही गेले. पाठ दुखते म्हणून दिवा तुम्हाला लावायला सांगायची. कालही सांगितलं.

चंद्राबाई : काल. म्हंजी आता बी...

रश्मी : आज चौथा दिवस.

चंद्राबाई : त्ये फडकं दे हिकडं. हात पुसू दे.

रश्मी : घ्या.

चंद्राबाई : तीन आठवडं झालं, तुला हंडा उचलू दिला न्हाय म्या. तव्यावरली पयली भाकरी तुला वाढली. निरसं दूध दिलं. अन् तू खात बसलीस. एकदा तुज्या तोंडातनं निघालं न्हाय, की आत्या, तुमी चुकताय.

रश्मी : नाही निघालं. तुम्ही पळसदेवचा विषय काढणं बंद केलंत त्या दिवशी मी पोटभर जेवले. खोटं मी बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही, ते माझं चुकलं. मला भीती वाटत होती. आणि दुसरंही सांगते. मला बरं वाटत होतं, आत्या. ह्या घरात येऊन सहा वर्षं झाली. कुणी मला बसवून ताट वाढलं नव्हतं. म्हटलं, जितके दिवस मिळतंय तितके दिवस घ्यावं. उद्या डॉक्टरीण तपासणारच, म्हणून आज सांगावं लागलं.

चंद्राबाई : मला चार वर्सांनी रणजित झाला. तवर माज्या सासूनं माजी चूल येगळी मांडली हुती. मला कोण वाढत हुतं? म्या तक्रार केली का?

रश्मी : नाही केलीत. म्हणून तर तुम्हाला कळेल असं वाटलं.

चंद्राबाई : मला कळून काय उपेग? माज्यामागं ह्या दाराला कडी काढायला कुणीतरी पायजे. म्या तुजी वैरीण न्हाय. पर दवाखाना झाला, उपास झालं, तुज्याकडनं काय होईना, मग म्या करू काय?

रश्मी : डॉक्टरीणबाई तीनदा म्हणाल्या, तुमच्यात मला काही दिसत नाही, आता मालकांना घेऊन या. मी तीनदा ह्यांना सांगितलं. तुम्हीही होता घरात.

चंद्राबाई : हात दाखवून अवलक्षण कशाला करायचं? गड्याच्या जातीला कुणी तपासतंय व्हय? गावभर झालं असतं.

रश्मी : माझं गावभर झालंच की. दर महिन्याला.

चंद्राबाई : आवाज खाली कर. साखरबाई अंगणात हाय. हे बघ, मला जरा इचार करू दे. आळीला सांगून बसलीय म्या. आता न्हाय म्हणलं तर लोक तोंडावर हसत्याल. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आणखी म्हैनाभर डोक्यावरनं पाणी घेऊ नको.

रश्मी : काय?

चंद्राबाई : तुला सवय हायच की आता. तूच म्हणलीस. म्हैनाभर तसंच ऱ्हा, पदर नीट घे, पाणी भरू नको. मग एक दिवस बारामतीला जाऊन येऊ, अन् येताना एस्टीचं हिसकं बसलं, पडलं, म्हणून सांगू. कुणी काय इचारणार न्हाय. चार बाया येत्याल, हळहळत्याल, जात्याल.

रश्मी : म्हणजे पोट राहिलं होतं. ह्यांच्यात काही दोष नाही. मला राखता आलं नाही.

चंद्राबाई : बायांचं पडतंय की. त्यात काय लाज? गड्याला एकदा नाव पडलं की जलमभर जात न्हाय.

रश्मी : आणि मग पळसदेव?

चंद्राबाई : त्ये मग बघू.

रश्मी : बघू म्हणजे काय, आत्या? एवढं तरी सरळ सांगा.

चंद्राबाई : तिचा बाप संक्रांतीपतोर थांबतो म्हणलाय.

रश्मी : दुसरी आणायचीच. फक्त त्याआधी मी एक खोटं मूल पाडायचं.

चंद्राबाई : तुला कोण हाकलतंय का? तू थोरली म्हणून ऱ्हाशील मानानं. खाऊन-पिऊन ऱ्हाशील. जगात काय पयल्यांदाच हुतंय व्हय ह्ये?

रश्मी : कायद्यानं चालत नाही.

चंद्राबाई : कायदा काय मांडवात येतोय अक्षदा टाकायला?

रश्मी : बंब पेटलेला आहे का?

चंद्राबाई : कशाला?

रश्मी : शिकेकाई कुठं ठेवलीय तुम्ही? फडताळात दिसत नाही.

चंद्राबाई : रश्मे, खाली बस.

रश्मी : असू दे. नुसत्या पाण्यानं धुते.

चंद्राबाई : आत्ता तेल घातलंय म्या. अर्धी वाटी. सगळं वाया जाईल.

रश्मी : जाईल. सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझ्या डोक्याला हात लावलात, आत्या. मला रडू येत होतं. पण तो हात माझ्यासाठी नव्हता ना.

चंद्राबाई : न्हाणीत तरी जा. आतल्या न्हाणीत जाऊन घे, दार लावून. अंगणात कुठं निघालीस घागर घेऊन? आगं, कोंबडं झाकून ठिवता येतंय अजून. ऐक माजं.

रश्मी : तांबडं फुटलंच की, आत्या. न्हाणीत अंधार आहे, एवढ्या केसांतलं तेल निघालं का नाही ते दिसत नाही.

साखरबाई : काय गं रश्मे? चोळी भिजली समदी. आगं, असल्या दिवसांत गार पाणी डोक्यावर घेत असत्यात का? वहिनी, बघा की तुमची सून काय करती. पोटात थंडावा धरंल लेकराला.

रश्मी : साखरकाकी, लेकरू नाहीये.

साखरबाई : आं? आसं वंगाळ बोलू नये पोरी.

रश्मी : वंगाळ नाही बोलत. आज माझा चौथा दिवस आहे, म्हणून न्हाते. मागल्या महिन्यात होता, त्याच्या मागल्या महिन्यात होता. तेव्हा न्हाले नाही, म्हणून तुम्हाला दिसलं नाही.

साखरबाई : वहिनी, काय म्हणती ही?

रश्मी : आत्या, दुसरी घागर देता का? एकीनं तेल निघत नाही.

साखरबाई : वहिनी, खरं हाय का ह्ये? अशा दारात का उभ्या राहिल्या?

चंद्राबाई : साखरबाई, तात्याबा उद्या मासळीला जाणार हाय का गं पळसदेवला?