झ्लातिनाचा कागद तुमच्याच दारावर

...नाही, कागदाला हात नका लावू डॉक्टरीणबाई, खळ ओली आहे अजून — आणि फाडलात तर पिशवीत आणखी आहेत. काय म्हणालात, माझ्याच दारावर लावू? लावलाय की! शाळेच्या फाटकावर लावलाय, बसथांब्यावर लावलाय, माझी नात झ्लातिना जिथं जिथं वावरली तिथं दर वर्षी तिचा फोटो छापून लावतो, सगळेच लावतात आपापल्या गेलेल्यांचे — मग तुमचंच दार का सोडू? शेवटी तुमच्याच तर हातात होती! बघा तरी, सहा वर्षांची, पुढचे दात पडलेले. गेल्या साली म्हणे दारावरचा कागद बघून खालच्या बाया मयताचे उकडलेले गहू घेऊन वर आल्या, तुमचीच पोर गेली समजून गळ्यात पडल्या? बरं झालं. काय सांगितलंत त्यांना — माझी नव्हे, माझ्या प्रयोगातली?

ओरडतोय? ओरडणारच, ऐकू दे सगळ्या जिन्याला! रक्तात विष भिनलेलं, पोर नळ्यांत गुंडाळलेली, आणि तुम्ही तिला अभ्यासात घातलीत — विचारलंत कधी? नंतर! म्हणे आधी विचारत बसलं तर जीव जातो. गेलाच की! माझी लेक सही देऊन मोकळी झाली, तिला तुमचीच कीव — ‘बाबा, त्या बाई उशाशी बसून होत्या हो.’ मला नाही येत कीव. नवं औषध माझ्याच नातीवर का आजमावलंत, उंदीर संपले होते? तीन वर्षं रोज सकाळी हेच म्हणत उठतो मी — नाहीतर उठायचं तरी कशासाठी?

काय? अभ्यासाचा निकाल आला? ...पुन्हा बोला. दिलंच नव्हतं तिला? कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या काढल्या, अर्ध्या पोरांना नवं, अर्ध्यांना जुनंच — आणि ती जुन्यात. बरं. म्हणजे मी जे इतकी वर्षं — थांबा, मधे बोलू नका. आणि नवं मिळालेली? जगली? सगळी नाही, पण जास्त... जास्त जगली.

म्हणजे औषध तिथंच होतं. कपाटात होतं, शेजारच्या खाटेवरच्या पोराला लावलंत — आणि माझ्या झ्लातिनाला दिलं नाहीत?

डोळे पुसू नका माझ्यासमोर. तेव्हा ठाऊक नव्हतं म्हणता — नसेल. मी काय करू त्याचं? व्हा आत. आणि दार ओढून घ्या, घट्ट. मला कागदाचे कोपरे दाबायचेत.