हवेला कुलूप नाही

नणंद: जेवणाच्या डब्यात आज काय आहे, कुणी बघितलंय का?

भावजय: शाफ्टचा एक बोल्ट बाकीच्यांपेक्षा गरम लागतोय.

नणंद: तुझ्या नवऱ्याचा फोन आला होता. डाव्या हाताने लिहायला शिकतोय म्हणे. ‘क’ जमला.

भावजय: माझी अंगठी काढून तुमच्या टेबलावर ठेवलीय. हरवू नका, तुमच्याच भावाने दिलीय.

नणंद: इंजिनाचं पाणी निवलं.

भावजय: इंजिन सुरू करायची किल्ली माझ्या खिशात.

(नणंद काचेमागे, माइकपाशी. भावजय आत, बंद केलेलं इंजिन आणि त्याचा जोर मोजणारं यंत्र, डायनो, यांना जोडणाऱ्या शाफ्टपाशी. बोलणं स्पीकरवरून.)

नणंद: खिशात म्हणजे नक्की? हात लावून सांग.

भावजय: लावला. वन्सं, किती वेळा विचारणार?

नणंद: माझा भाऊ किल्ली बोर्डावर विसरून तिथेच उभा राहिला होता. उजवा पंजा गेला. विचारणारच.

भावजय: आणि अजून म्हणतो, विसरलोच नव्हतो. पडला तरी नाक वर.

नणंद: आमच्या घराण्यातच आहे ते. बोल्ट बघ.

भावजय: बघतेय. शाफ्टवरच्या जाळीच्या फटीतून हात घालायचा म्हणजे... थांबा. तुम्ही काही दाबलंत?

नणंद: माझे दोन्ही हात मांडीवर आहेत. का?

भावजय: बोल्ट सरकला.

नणंद: सैल असेल.

भावजय: सैल नाही. वर गेला. वन्सं, शाफ्ट फिरतोय.

नणंद: किल्ली तुझ्याकडे असताना? कसा फिरेल?

भावजय: ते त्याला विचारा! बाही अडकली. बोल्टाच्या डोक्यात.

नणंद: ओढ. फाड ती.

भावजय: फाटत नाही, जाड आहे. हात आत ओढला जातोय.

नणंद: डायनोत पाणी सोडते. रोज एवढ्या इंजिनाचा जोर अडवून मोजतो, आज नाही अडवणार?

भावजय: पाणी वेगाला धरतं हो! गोगलगायीला काय धरणार? हे मुंगीच्या पावलाने चाललंय, पण जोर हत्तीचा आहे.

नणंद: मग ढकलतंय कोण? डिझेल बंद. वीज बंद.

भावजय: फुस्स आवाज येतोय. हवा! इंजिन सुरू करायची दाबाची हवा. झडप गळतेय कुठेतरी.

नणंद: देवा. हवेला किल्ली नाही.

भावजय: हवेच्या टाकीचा कॉक बंद करा.

नणंद: तो भिंतीपलीकडे आहे. माइक सोडावा लागेल.

भावजय: नका जाऊ. बोलत राहा.

नणंद: माझ्या बोलण्याने थांबणार नाही गं ते.

भावजय: माहितेय. जा. पळा!

नणंद: ओरडत राहा. मला ऐकू येऊ दे.

भावजय: पळा! गुडघे दुखतात म्हणता ना, आज नाही दुखायचे! वन्सं... जाळीची कड दंडाला लागली. बोटं हलतायत. अंगठापण. वन्सं, ऐकताय ना? मला नाही जमायचं डाव्या हाताने. ‘क’सुद्धा नाही जमायचा. थांब रे. थांब, बाबा, थांब, तुझ्या पाया पडते...

भावजय: ...फुस्स थांबलं.

भावजय: अजून फिरतोय.

भावजय: थांबला.

नणंद: आहेस ना? बोल काहीतरी!

भावजय: आहे.

नणंद: हात?

भावजय: सोलवटलाय. माझाच आहे. कात्री घेऊन या, बाही कापा.

नणंद: आलेच. हलू नकोस. तो मेला कॉक फिरेचना, ओढणी गुंडाळून फिरवला. काय करतेस?

भावजय: डाव्या हाताने खिसा चाचपतेय.

नणंद: आता किल्ली कशाला हवीय?

भावजय: आहे. इथेच आहे.

नणंद: बरं.

भावजय: वन्सं, म्हणजे त्या दिवशीही किल्ली त्याच्या खिशातच होती.