सोमाचा आवाज

कर्जतच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर बहीण-भाऊ बोलत होते.

"केतन, आळीनं वर्गणी काढून केलेला तुझा नि सोमाचा तो पिक्चर गणपतीत अजून लावतात का रं?"

"दरवर्षी, ताई. लोकं आमच्या आधी डायलॉग म्हणतात नि हसतात."

"सोमा असता तर नाचला असता."

"त्याची पौर्णिमा मोबाईलवर रोज बघते. म्हणते, बाबांचा आवाज तेवढाच उरलाय."

"खरं हाय."

"नाय गं. डबिंगच्या वेळी सोमा तापानं फणफणला होता. दोघांचंही मीच बोललोय."

"अगं बाई! पोरीला कळलं नाय?"

"तो गेला तेव्हा पाळण्यात होती."

"पण तू शेजारीच राहतोस. बोलतोस ना तिच्याशी?"

"बोलतो की. जरा घोगरा आवाज काढून."