तिचा खुंट, माझ्या फांद्या

दि. १४ सप्टेंबर, बुद्ध संवत २५६६, दुपारी १२.१०

नाव लाम्दुआन सीहावोंग, वय ५८ वर्षे, धंदा जडीबुटी विक्री, रा. बान नोंग वाय, प्रांत साकोन नाखोन, थायलंड.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. धाकटी बहीण बुन्सी हिचे घर कुंपणापलीकडे आहे. गांजा लावण्याचा परवाना दोघींकडे आहे.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे खारशेपटी नावाचा गांजाचा गावठी वाण जपला. त्याचा पाला माझे वडील अंगदुखीवर देत. ते वारले तेव्हा बुन्सी फुकेटला होती. अंत्यसंस्कार होऊन तिसऱ्या दिवशी आली. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

यंदा पाणी तुंबून वाणाची सगळी झाडे मुळाशी कुजली. मातीत खोचलेल्या अकरा फांद्याही गेल्या. दि. ५ रोजी शेवटच्या झाडाच्या तीनच फांद्या हिरव्या होत्या. बुन्सीच्या पडवीत कुंडीत परदेशी वाणाचे आईझाड आहे, ज्याच्या फांद्यांपासून ती नवी रोपे करते. सकाळी ६.३० वाजता ती विहारात गेल्यावर मी कुंपण ओलांडले. तिच्या झाडाचे तीन शेंडे छाटून खुंटांत चिरा पाडल्या, माझ्या फांद्यांना पाचरीसारखे टोक काढून त्यात बसवल्या, पट्टीने आवळल्या, पाणी फवारून वर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. विचारले नाही. विचारले असते तर ती हो म्हणाली असती, आणि ते मला जन्मभर ऐकावे लागले असते.

आठ दिवस मी फवारायला जात होते. ती बघून न बघितल्यासारखे करी. आज सकाळी एका फांदीला नवे पान दिसले. मला राहवले नाही. मी कुंडी ओढत माझ्याकडे नेऊ लागले.

ती म्हणाली, "ताई, फांद्या लावल्यास, गप्प बसले. आता अख्खं झाडच घेऊन चाललीस?"

मी म्हणाले, "माझ्या बाबांचं आहे."

"बाबा काय एकटीचे होते तुझे?"

"गेले तेव्हा एकटीचेच होते."

त्यावर ती पोलिसांत तक्रार द्यायला सरळ ठाण्यात आली.

जप्त झाड १०.३० पासून ठाण्याच्या अंगणात उन्हात आहे. बंद पिशवीत फांदी शिजते. हे मी तीनदा सांगितले. लिहून घेणारे साहेब म्हणाले, "मावशी, बसा हो. झाड कुठं पळून जात नाही." मी म्हणाले, "पळता आलं असतं तर काळजी नव्हती." मी पुन्हा उठले, हे खरे आहे.

आता खिडकीतून दिसते की बुन्सी बाकावरून उठून कुंडीपाशी गेली आहे. कुंडी तिला उचलवत नाही. तिने छत्री उघडून झाडावर धरली आहे, स्वतः उन्हात उभी आहे. एका बोटाने पिशवीचा कोपरा उचलून वाफ सोडते आहे. आंब्याच्या कलमावरच्या पिशवीचा कोपरा बाबा असाच उचलत. ते तिला मी शिकवलेले नाही.

झाड तिच्या ताब्यात द्यावे. फांद्यांसकट. माझी हरकत नाही.

जबाब वाचून दाखवला, तो मी उभ्याने ऐकला. जिथे जिथे 'माझे वडील' लिहिले आहे, तिथे 'आमचे वडील' वाचावे. बाकी बरोबर आहे.