रुमालाखालचा हात

न्हाई न्हाई पाव्हणं, तुमी बसा की निवांत, तासगावची मोटर काय इतक्यात सुटत न्हाई — डायवर अजून च्या पितोय तिथं — आनि खरं सांगू, तुमी उठून गेला तर मी एकटा पडंन, आनि एकटा पडलो की लय भ्या वाटतंय. व्हय, भ्याच. कशाचं? कामाचं. आज पैलाच दिवस हाय. पलटणीतनं सुटून आलो, सा म्हैनं घरात काढलं, म्हैनाभर त्या समोरच्या अडतीत — आदगोंडा आप्पांचं दुकान ते, पिवळी धूळ उडतीया बगा — आप्पांच्या मागं हुबा राहून शिकलो, आनि आज घंटा झाली की मी हळद विकायची. माझी न्हाई, शेतकऱ्यांची. ते माल आनून टाकनार, खरीदीवाले येनार, मधी मी.

कामं दोन चालून आलती. दुसरं विश्रामबागंतल्या एका सायबाचं, साबनाचं — सायकल देनार, पेटी देनार, गावोगाव हिंडून दुकानदारास्नी साबन खपवायचा. पगार बी बरा. चुलती म्हनली, घे रं आकाराम, सायकल मिळतीया. न्हाई घेतलं. का? तिथं मानसाच्या डोळ्यात बगून बोलाय लागतंय. दुकानदार म्हननार, नगं तुमचा साबन, आनि मी तिथं पांढरं तोंड घेऊन हुबा. माझ्या तोंडाला काय बी लपवता येत न्हाई — सुभेदार तर सगळ्या कंपनीम्होरं म्हनायचा, ह्याचं तोंड बगून दुस्मन कुठल्या बाजूला हाय ते कळतंय. हसू नगा. खरं हाय ते. म्हनून मला हितलं बरं वाटलं. हितं सौदा रुमालाखाली हुतो की. बगितला न्हाई कवा? नसंल. तुमी आपलं माल टाकून च्या प्याय जात असाल — शेतकरी मानूस तुमी, पायावरच्या धुळीवरनंच वळखलं मी. आवं, खरीदीवाला आपला हात धरतो, वरनं रुमाल टाकायचा, आनि आत बोटं दाबून त्यो भाव सांगनार. तोंडानं एक शब्द न्हाई. पटलं न्हाई तर मुंडी हलवायची, मग त्यो दुसरा भाव दाबनार. भवती पन्नास मानसं हुबी, कुनाला कळत न्हाई. मी म्हनलं, हेच आपलं काम. मान खाली घालायची, आपलं भ्या आपल्यापाशी.

पन चूक झाली, पाव्हणं. लय मोठी चूक झाली. परवा ध्यानात आलं. आप्पांनी शिकवाय म्हनून माझा हात धरला, रुमाल टाकला, आनि बोटं दाबायच्या आधी थांबलं. म्हनलं, आकाराम, हात का कापतोय तुजा? मी म्हनलं, थंडी हाय आप्पा. मार्चात कसली थंडी? त्यो हात ब्रम्हदेशातनं तसाच आलाय. तिथं खंदकात तीन दिस — जाऊ द्या, ते काय सांगायचं. कुनी जवळ येऊन काय तरी मागितलं, आनि मला न्हाई म्हनायचं असलं, की कापतोय. बसा म्हनलं, जेवा म्हनलं तर न्हाई कापत. आप्पांनी रुमाल काढून त्येची घडी घातली. ते मला लय लागलं.

आनि आज पैला ढीग कुनाचा म्हाईत हाय? ती बगा, ढिगापाशी लुगड्याचा पदर डोक्यावर घिऊन बसलीया ती — अंबूबाई, माझी चुलती. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. वर्साची हळद हाय ती, सोता शिजवलेली, सोता वाळवलेली, हाताची सालटी निघाली तिच्या. आप्पांनी मुद्दाम तिचाच माल दिला मला. म्हनलं, चुलतीचा माल नीट इकलास तर ऱ्हा, न्हाई तर साबनवाल्याकडं जा. आकडा बी सांगितलाय कानात, त्याच्या खाली सोडायचं न्हाई. त्यो काय मी कुनाला सांगनार न्हाई. तुमाला बी न्हाई. राग मानू नगा.

काय म्हनता? सराव? तुमच्यासंगं? — चालतंय की. बरं झालं, तेवढाच हात सैल हुईल. ह्यो घ्या रुमाल. सोपं हाय, एक बोट म्हंजे एक, दोन म्हंजे दोन, सगळा पंजा म्हंजे पाच. धरा, काय बी दाबा, मी आपली मुंडी हलवतो. हां. तीन. आता — दोन. बत्तीस रुपयं धरू. न्हाई, न्हाई जमायचं. कापतोय व्हय? कापतोय. तुमी घरचंच मानूस, तरी बी बगा कसा कापतोय. पुन्हा. तीन... तीन. तेहेतीस. न्हाई. तीन, चार — थांबला. बगा की पाव्हणं, थांबला हात. बरा हाय की तुमचा हात, गरम हाय, सवयीचा —

आवं.

तुमी तीन दाबल्यावर तळव्यावर नख टेकवलं. ती दहाची खूण, तिनाचं तीस करायची. ती मी तुमाला सांगितली न्हवती.

कुठं निघाला? मोटर तिकडं न्हाई. तिकडं ढीग हाय. — आप्पा कशाला उठून हुबं ऱ्हायलं? तुमाला नमस्कार घालत्यात — शेट म्हनत्यात तुमाला, म्हंजे तुमीच खरीदीवालं. शेट, आवं शेट, तुमाला कळलं. आकड्याच्या खाली हात कापला, आकड्यावर थांबला. आता तुमी चौतीसच्या वर एक बोट दाबनार न्हाई. चाळीस म्हनत हुती काकू. चाळीसची आस धरून बसलीया ती.

झाली घंटा.

आप्पा, मी सौदा करत न्हाई. व्हय, सगळ्यांम्होरं बोलतोय, ऐकू द्या सगळ्यास्नी. तुमचा आकडा ह्या शेटना कळलाय. म्याच सांगितला — तोंडानं न्हाई, हातानं. तुमी आकडा बदला आनि सौद्याला हात तुमीच द्या. बोललेलं मागं घेत न्हाई मी. — काकू, तू उठू नगंस, बस ढिगापाशी. — साबनवाल्याकडं जातो म्हनलं की आप्पा. जातो. रुमाल हितं पोत्यावर ठेवलाय.